तळहात टेकवून

शाल्मली पहिल्यांदा चारचौघांत बोलली, ती आपलं नाव रानवी आहे असं सांगायला.

तोवर तिचा आवाज आमच्या घराबाहेर कुणी ऐकलेला नव्हता. घरात ती अखंड बडबडायची आणि जिना उतरला की मिटायची. बालवाडीपासून तिसरीपर्यंत एकाही बाईंनी तिला 'हजर' म्हणताना ऐकलं नाही. हा हट्ट नव्हता, आणि तिला ऐकू येत नव्हतं असंही नाही. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. सोलापुरातल्या आमच्या नातेवाइकांना मात्र 'घुमी' एवढं पुरत होतं.

बाहेर तिचं सगळं बोलणं माझ्या ओढणीतून चालायचं. ओढणी एकदा ओढली की तहान, दोनदा ओढली की घरी चल, आणि मुठीत धरून पिळली की हा माणूस मला आवडला नाही. तिचं बोलणं मी मोठ्याने बोलून दाखवायचे. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करणारी. पण ती शाळेत जायला लागली आणि दिवसाचे इतके तास ती ओढणीशिवाय कशी राहील या काळजीने मी नोकरी सोडली. शाळेच्या फाटकापाशी निंबाखाली बसून राहायचे. वॉचमनमामा मला 'दुसरी वॉचमन' म्हणायचे.

अशात सात रस्त्याजवळ मुलांसाठी एक केंद्र निघालं. केंद्र चालवणाऱ्या रेहाना तांबोळी मॅडम मानसशास्त्राच्या, बोलायला मोकळ्या. तिथे गोळ्या नव्हत्या आणि आरशासमोर तोंड वाकडं करण्याचे व्यायामही नव्हते. एक गोल टेबल होतं, वर जाड काच, काचेखाली मंद उजेड आणि मधोमध उपड्या वाडग्यासारखं एक यंत्र. त्याला मुलं सूत्रधार म्हणायची. टेबलाभोवती पाच-सहा मुलं, प्रत्येकासमोर एक सोंगटी आणि फासे. सूत्रधार गोष्ट सांगायचा आणि मुलं त्या गोष्टीतली माणसं व्हायची.

नियम एकच होता. तळहात काचेवर टेकलेला असेल तर बोलतं ते पात्र. हात उचलला की बोलतो ते आपण. रेवण नावाचा एक दांडगट मुलगा होता. तो गर्जना करता करता हात उचलून म्हणायचा, "मॅडम, शू," आणि परत येऊन हात टेकवला की पुन्हा सिंहासनावर.

शाल्मलीने पहिले कितीतरी डाव मांडीवर हात ठेवून काढले. मी शेजारच्या खोलीतून काचेतून बघायचे, माझ्या ओढणीचं टोक माझ्याच मुठीत धरून. मग एका बुधवारी तिने तळहात अलगद काचेवर ठेवला, विस्तवावर ठेवावा तसा. सूत्रधाराने विचारलं, तांड्याच्या शेवटच्या गाढवामागून ही कोण चालली आहे? आणि तिचा आवाज आला, घरातला, अगदी आमच्या स्वयंपाकघरातला आवाज.

"मी रानवी."

तिच्या तळहाताभोवती काचेत हळदीसारखं पिवळं वर्तुळ उमटलं. रेवणने टाळ्या वाजवल्या. मी त्या खोलीत खाली फरशीवर बसले आणि ओढणी तोंडात धरून रडले.

---

ते पिवळं वर्तुळ कसं उमटतं, ते मॅडमनी मला नंतर चहा पिता पिता समजावून सांगितलं.

त्या म्हणाल्या, टेबलाभोवती बसून भूमिका घ्यायचे खेळ जुनेच आहेत. पण पूर्वी गुण मिळायचे ते राक्षस मारल्याचे, खजिना सापडल्याचे. मग मुलं राक्षसच मारत बसायची. खेळवणारा जाणता असेल तर म्हणायचा, तुझा भित्रा शिपाई आज पहिल्यांदा दार उघडून बाहेर गेला, हे घे गुण. पण ती त्याची मर्जी. जो मोठ्याने रडेल, हातवारे करेल, त्याची चंगळ व्हायची. पात्र आतून खरंच किती वाढलं, हे मोजायला पट्टीच नव्हती.

ती पट्टी सापडली मेंदूच्या अभ्यासातून. वाक्य तोंडातून बाहेर पडण्याआधी मेंदू त्याचा एक अंदाज बांधून ठेवतो. आपलं रोजचं बोलणं त्या अंदाजाबरहुकूम येतं, म्हणून आपल्याला आपल्याच बोलण्याचं नवल वाटत नाही. पण कधीतरी माणूस स्वतःच्या अंदाजाबाहेरचं काही बोलून जातो. त्या निमिषात आत गडबड उडते. आवाजात कानाला न कळणारी थरथर येते, तळहाताला किंचित घाम येतो, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. सूत्रधार तेवढंच टिपतो. नुसती गडबड झाली तर वर्तुळ फिकट. पुढच्या डावातही पात्र त्या नव्या वागण्याला धरून राहिलं तर वर्तुळ गडद. बदलणं आणि बदलावर टिकणं, दोन्ही मिळून वाढ.

"आणि मृणाल, गंमत अशी आहे," मॅडम म्हणाल्या, "शाल्मलीसारख्या मुलांना भीती त्या गडबडीचीच असते. सूत्रधार नेमका तिथेच दिवा लावतो. मेंदूला कळतं, की हे भिण्यासारखं नाही, हे गोड आहे."

मला ते पटलं. आजही पटतं. फक्त एक गोष्ट मनात आली आणि मी ती बोलले नाही. लॅबमध्ये 'वाढ' हा शब्द मी रोज लिहायचे. तापाने फणफणलेल्या माणसाचं रक्त पोषक द्रवात घालून उबवायचं, त्यात जंतू उगवतात का बघायचं आणि रिपोर्टवर लिहायचं. 'वाढ आढळली नाही' एवढी ओळ वाचली की बाहेरच्या बाकावरचे नातेवाईक हात जोडायचे.

---

काही महिन्यांनी पालकांनाही टेबलाशी बसावं लागतं. घरचं माणूस पात्र होताना दिसलं की मुलाची भीड चेपते, असं त्यामागचं कारण.

माझा नवरा प्रसन्न टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करतो. जेवताना मीठ हवं असेल तर बरणीकडे बघणारा माणूस. त्याला लबाड गाढवविक्याची भूमिका मिळाली. पहिल्याच डावात त्याने आंधळं गाढव तांड्याला विकलं आणि दुसऱ्या डावात पश्चात्ताप होऊन स्वतः त्याच्या दोरीला जुंपून घेतलं. पोरं हसून लोळली. त्याच्या हाताभोवती पिवळंजर्द वर्तुळ. घरी येताना तो स्कूटरवर शीळ घालत होता.

मला भूमिका मिळाली रानवीच्या आईची.

गोष्ट अशी होती. एका नगरीची नदी आटली आहे आणि एक तांडा नदीच्या उगमाकडे निघाला आहे. वाटेत एक खिंड आहे, तिच्यातून एका वेळी एकच जण जाऊ शकतो आणि गेलेला लवकर परत येत नाही. मी तळहात टेकवला आणि रानवीला म्हणाले, जपून चाल. म्हणाले, पाणी प्यायलीस का, डोक्याला बांध काहीतरी, ऊन लागेल.

वर्तुळ राखी, चुलीतल्या राखेसारखं.

"काकू," रेवण हात उचलून म्हणाला, "तुम्ही घरच्यासारखंच बोलताय की."

सगळे हसले. शाल्मलीसुद्धा हसली, आणि ते मला आवडलंही. पुढच्या डावांत मी प्रयत्न केला. रानवीच्या आईला रागावू दिलं, एकदा तर गाढव मेल्यावर छाती पिटून रडले. राखीच. मॅडम हळूच म्हणाल्या, तो नाटकाला फसत नाही. कॉलेजच्या एकांकिकेत मला बक्षीस मिळालं होतं, ते त्यांना सांगावंसं वाटलं.

डाव संपला की सूत्रधार प्रत्येकाचा निकाल ऐकवायचा. रानवी, गडद वाढ. गाढवविक्या, वाढ. आणि माझ्यापाशी येऊन तो सभ्य आवाजात म्हणायचा: रानवीची आई, वाढ आढळली नाही.

---

शाल्मली शाळेत 'हजर' म्हणाली तेव्हा तिच्या वर्गाच्या बाईंनी मला मधल्या सुट्टीत फोन केला. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. म्हणाल्या, बाकावर तळहात ठेवला आणि खणखणीत बोलली हो. मी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. खालच्या कोरेआजी म्हणाल्या, मुलगा झाला काय गं, आणि कारण कळल्यावर त्यांनी आणखी एक मागून घेतला.

मग ती भेळेच्या गाडीवर स्वतः बोलली, गाडीच्या पत्र्यावर हात टेकवून. तिखट कमी, शेव जास्त. भेळवाल्याने नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून विचारलं, कांदा घालू का, तर ती म्हणाली, मला विचारा. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की वाटेत ओढणी एकदाही ओढली गेली नव्हती. मी ती खांद्यावर नीट करून घेतली.

हात टेकवायची तिची सवय मला गोडच वाटायची. पुढे तो हात घरातही सपाट जागा शोधायला लागला. आधी जेवणाचं टेबल. मग फ्रिजचं दार, भिंत, दप्तराची पाठ. पूर्वी ती दोन्ही हात हवेत उडवत बोलायची, कणकेचे हात सगळीकडे लावायची, एक वाक्य अर्धं टाकून दुसरं धरायची. आता ती थांबायची, हात टेकवायची आणि मग एक पूर्ण, नीटनेटकं वाक्य यायचं. हात हवेत असताना ती गप्प असायची. मी बारीक लक्ष ठेवून होते, लक्ष ठेवण्यापलीकडे मला दुसरं काय येतं?

एकदा मी ओट्यापाशी भाकरी थापत होते. मागून येऊन तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तू आहेस म्हणून मी एवढी चालले."

मी पिठाच्या हातांनीच वळले. तिला जवळ घ्यायला गेले आणि तेव्हा मला तो हात दिसला. मिठीचा नव्हता तो. बोटं पसरलेली, तळवा सपाट, काचेवर ठेवतात तसा. आणि ते वाक्यही ओळखीचं होतं. आदल्या डावात रानवी हेच आपल्या म्हाताऱ्या गाढवाला म्हणाली होती. वर्तुळ गडद झालं होतं तेव्हा.

मी गॅस बंद केला. खाली बसून तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले, कशालाही टेकू दिले नाहीत, आणि तिच्या घरच्या लाडक्या नावाने म्हटलं, "आता बोल, मले. मला सांग काहीतरी. काहीही."

तिने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी शेकडो वेळा पाहिला होता. वाण्याच्या दुकानात, लग्नांत, डॉक्टरांच्या टेबलासमोर. पण तेव्हा मी नेहमी तिच्या बाजूला उभी असायचे. समोर कधी नव्हते.

ती माझ्यासमोर मिटली होती.

मॅडमना सांगितलं तर त्या गंभीर झाल्या. मुलं नवी भाषा शिकतात तेव्हा काही दिवस जुनी विसरल्यासारखी होतात, असं म्हणाल्या. होईल ठीक. मग मीच विचारलं, तुमचा सूत्रधार बदललेलं सगळं मोजतो, पण जे तसंच राहतं त्याचं काय? कपातला चहा हलवत त्या म्हणाल्या, "त्याला अजून पट्टी नाही."

---

उन्हाळ्याच्या तोंडावर कृष्णाकाठच्या एका निवासी शाळेचं बोलावणं आलं. अशा टेबलांवर भराभर वाढणाऱ्या मुलांसाठीच ती शाळा काढली होती. शिकवणं सगळं डावातून. इतिहास राजा होऊन, विज्ञान शास्त्रज्ञ होऊन. घरी यायचं ते फक्त दिवाळीला, कारण मध्येच घरी आलं की पात्रं मागे सरकतात, असा त्यांचा अनुभव. प्रवेशासाठी आई-वडिलांपैकी एकाची सही लागायची आणि त्याखेरीज लागायचा संमतीचा डाव. त्यात मुलाने घर सोडायचा प्रसंग टेबलावर खेळायचा. इच्छा मुलाची स्वतःची आहे की कुणी पढवलेली, ते सूत्रधार ठरवणार.

प्रसन्नने सही केली.

मी त्याला ओरडले नाही. तो पलंगावर टॉवेलचे नमुने घड्या घालून रचत होता, मी समोर उभी राहून एकेक मुद्दा मांडत होते. नऊ वर्षांची आहे. तिला आंबील लागते उन्हाळ्यात, ते कोण देईल? ताप आला की कान दुखतो, ती सांगत नाही, मान एका बाजूला धरते, ते कुणाला कळेल? तो ऐकत होता. मग घडी हातात तशीच धरून म्हणाला,

"मृणाल, तुला ती घुमी हवी आहे."

मी एक टॉवेल उचलला आणि पुन्हा त्याच्या घड्यांवर ठेवला.

मग तोच बोलला, खाली बघत. लहानपणी तो अडखळत बोलायचा, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. पाचवीत असताना तहान लागल्याचं मास्तरांना सांगता आलं नाही म्हणून उन्हात चक्कर येऊन पडला होता. नंतर अडखळणं गेलं, पण बोलण्याची हौसही गेली. ती त्याला त्या गाढवविक्यात सापडली. तो म्हणाला, माझ्या मुलीला कुणी दार उघडून देत असेल तर मी ते धरून उभा राहणार. तू काय बोलायचं ते बोल.

त्याचं चुकत नव्हतं.

मग मी मॅडमकडे गेले. संमतीच्या डावात मी काय करू, असं सरळच विचारलं. म्हणजे समजा, रानवीची आई म्हणाली, नको जाऊस?

मॅडम म्हणाल्या, अडथळा आला की पात्राला तो ओलांडावा लागतो. ओलांडला की वाढ. तुम्ही जितकं अडवाल तितकी तिची इच्छा पक्की दिसेल.

आणि म्हटलं, जा?

तर अडवणारं कुणी नाही, ती जाईल.

"मग मी करू काय?"

"खेळा," त्या म्हणाल्या. चेष्टा नव्हती ती. त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी आधी बघून घेतलं की बोटं पसरलेली आहेत की मिटलेली.

---

मी एक बेत केला. सोपा होता. सूत्रधार ठरलेल्या बोलण्याला काही देत नाही ना? मग मी फक्त ठरलेलंच बोलायचं. अडवायचं नाही, सोडायचं नाही. पाणी प्यायलीस का, डोक्याला बांध. रानवीला ओलांडायला भिंतही द्यायची नाही आणि उघडं दारही नाही. समोर राख असली की डाव पेटणार नाही, निकाल 'अस्पष्ट' येईल आणि प्रवेश पुढच्या वर्षावर जाईल. मला एक वर्ष हवं होतं. तेवढ्यात मी तिचे हात पुन्हा हवेत उडायला शिकवले असते.

डावाला आम्ही तिघं, मॅडम आणि सूत्रधार. खिडकीबाहेर ऊन पांढरं पडलेलं. शाल्मलीने निळा फ्रॉक घातला होता, वेण्या मीच घातल्या होत्या. तिने आपली सोंगटी खिंडीपाशी ठेवली, तळहात टेकवला आणि आमच्याकडे बघितलं. प्रसन्नने टेकवला. मी टेकवला. काच गार होती.

सूत्रधाराने सांगितलं, खिंड आली. पलीकडे उगम आहे. एकच जण जाऊ शकतो. रानवी म्हणते, मी जाते.

गाढवविक्याने तिला आपली घंटा दिली. म्हणाला, वाट चुकलीस तर वाजव, गाढवं तरी ऐकतील. तो हसला आणि त्याचा आवाज फाटला. फिकट पिवळं.

रानवी माझ्याकडे वळली. आई, मी निघू?

"पाणी प्यायलीस का?" मी म्हणाले. राखी.

ती म्हणाली, प्यायले. परत यायला मला वेळ लागेल.

"डोक्याला बांध काहीतरी." राखी.

खिंडीत खूप अंधार आहे म्हणतात, ती म्हणाली. मी म्हणाले, जपून चाल. बेत नीट चालला होता. मॅडमनी मान खाली घातली होती. सूत्रधारही काही बोलत नव्हता, त्याच्याकडेही माझ्यासाठी काही नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं की जमेल.

मग शाल्मलीने, म्हणजे रानवीने, मान किंचित एका बाजूला धरली आणि विचारलं,

"मी गेल्यावर तू कुणाचं बोलशील?"

हे कुठून आलं, मला माहीत नाही. सूत्रधाराने सुचवलेलं नव्हतं. तिच्या हाताभोवती लखकन गडद पिवळं उमटलं, पण मी तिकडे बघत नव्हते. मी तिच्याकडे बघत होते, आणि माझं तोंड उघडलं.

"कुणाचंच नाही," मी म्हणाले. "मला स्वतःचं काही बोलायचंच नव्हतं कधी. तुझं बोलता बोलता मीच बोलायला शिकले गं. तू ओढणी ओढायचीस ना, तेव्हा मला कळायचं मी कोण आहे ते. आता ती नुसती लोंबते. मला भीती वाटते मले. तुला काही होईल याची नाही. तुला काहीच होणार नाही आणि मी नसले तरी चालेल, याची. नको जाऊस. मी खरंच सांगते, नको जाऊस."

'मले' म्हणाले मी. रानवी नाही म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. गालावरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. मी पुसलं नाही, कारण पुसायला हात उचलावा लागला असता, आणि तेवढ्यासाठी हात उचलायचं मला सुचलं नाही. इतक्या महिन्यांची सवय. टेबलाशी बसलं की हात टेकवायचा आणि डाव संपेपर्यंत ठेवायचा.

खोली पिवळी झाली. माझ्या तळहाताभोवतीचं वर्तुळ पसरत काचेच्या कडेपर्यंत गेलं. असं गडद मी कुणाचंच पाहिलं नव्हतं.

रानवीने एकदा डोळे मिटले. मग ती हळू, ठाम आवाजात म्हणाली, "आई, मी तरीही जाते," आणि सोंगटी खिंडीपलीकडे ठेवली.

सूत्रधाराने निकाल ऐकवला. रानवी: इच्छा स्वतःची, संमती स्पष्ट. गाढवविक्या: वाढ. आणि मग त्याच सभ्य आवाजात: रानवीची आई, या पटावरची आजवरची सर्वांत गडद वाढ.

शाल्मली खुर्चीवरून उडी मारून उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी तिचे दोन्ही हात हवेत होते, टाळ्या वाजवत होते. मॅडम रुमाल डोळ्यांना लावून बसल्या होत्या. प्रसन्न माझ्याकडे बघत होता. मला वाटतं त्याला कळलं होतं, पण त्याने आपला हात काचेवरून काढला नाही.

मी हात उचलला. ओला तळवा काचेवरून सुटताना बारीक आवाज झाला.

"शाल्मली," मी म्हणाले, "तो डाव नव्हता. ते मी बोलत होते. रानवीची आई नाही, मी. तुझी."

तिच्या टाळ्या थांबल्या. ती माझ्याकडे, माझ्या हवेतल्या हाताकडे बघत राहिली. मी वाट बघत होते. माझी ओढणी तिच्या हाताशीच होती.

मग ती टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आली. फार प्रेमाने, मी तिचा ताप बघायचे तशा हलक्या हाताने, तिने माझं मनगट धरलं आणि माझा तळहात पुन्हा काचेवर ठेवला. एकेक बोट सरळ करून दिलं. मग आपला तळहात शेजारी टेकवला.

"इथं ठेव आई," ती म्हणाली. "इथं ठेवलंस की तू छान बोलतेस. आता परत म्हण."

आणि ती वाट बघायला लागली. माझ्या तोंडाकडे नाही, काचेकडे बघत.